देणारा हात, शिकणारा हात

एकाच रस्त्यावर दोन शाळा होत्या. एक जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी, चौथीपर्यंतची. दुसरी खासगी, सुसज्ज प्रयोगशाळा असलेली. मध्ये एकच भिंत. दरवर्षी जून महिन्यात खासगी शाळा शेजारच्या मुलांना वह्या वाटत असे. विज्ञान शिकवणाऱ्या बाई त्या समारंभाला आवर्जून जात. एका वर्षी रांगेतल्या लहान मुलीने त्यांना हळूच विचारले, "बाई, फोटो झाल्यावर वही परत द्यायची का?"

प्रश्न निरागस होता. पण तो बाईंच्या मनातून गेला नाही. पुढच्या शनिवारी त्या एकट्याच, रिकाम्या हाताने तिकडे गेल्या.

एका खोलीत दोन इयत्ता बसल्या होत्या. दुसरीची मुले 42 मधून 17 वजा करीत होती. समोर काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनांतून सात जाईनात, तेव्हा एका मुलाने गठ्ठ्याचा दोरा सोडला आणि दशकाचे दहा एकक सर्वांसमोर मोकळे झाले. उत्तर आले 25. बाईंना स्वतःचा वर्ग आठवला. तेथील मुले असे गणित क्षणात सोडवीत. मात्र शेजारून घेतलेल्या एकाचे दहा कसे होतात, हे विचारले की गप्प होत. बाईंनी गुरुजींना विनंती केली, "हे आमच्या मुलांना शिकवाल?"

बदल्यात प्रयोगशाळा शनिवारी दुपारी उघडायचे ठरले. पालकांच्या शुल्कातून घेतलेले साहित्य इतरांना का, असा आक्षेप संचालकांनी घेतला. सूक्ष्मदर्शक आठवड्यातले किती तास कपाटातच असतो, याचा हिशेब बाईंनी त्यांच्यापुढे ठेवला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सरकारी आणि खासगी शाळांच्या जोड्या सुचवल्या आहेत. त्यांनी भेटावे, एकमेकांकडून शिकावे, शक्य तेथे साधने वाटून घ्यावीत, अशी अपेक्षा आहे. त्यातील 'एकमेकांकडून' हा शब्दच सहसा विसरला जातो.

गुरुजींचे एक म्हणणे मात्र ठाम होते. "मैत्री हवी, पण गळणारे छप्पर शासनानेच दुरुस्त करायचे." ते योग्यच होते. 6 ते 14 वयाच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे दायित्व 2009 च्या कायद्याने शासनावर टाकले आहे. शेजाऱ्याच्या सौजन्याने ते संपत नाही.

पहिल्या शनिवारी कांद्याच्या पेशी पाहायच्या होत्या. खासगी शाळेतल्या मुलाकडून पातळ पापुद्रा निघेना. वहीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तो अलगद सोलून काचपट्टीवर ठेवला. मुलाने भिंग जुळवून दिले. मग दोघांनी आळीपाळीने पाहिले.

त्या दिवशी फोटो काढायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.