कलम १७ मधला घोडा

भिलाईला बदली झाली तेव्हा नागपुरात घेतलेली मोटार सोबत आणली होती. एका पावसाळी रात्री राजनांदगावजवळ ती दुभाजकावर चढली. आम्ही सारे सुखरूप राहिलो, पण गाडीचा पुढचा सांगाडा वाकला. सुपेल्यातील एका कारागिराने तो ठोकून सरळ करून दिला. विम्याचा दावा मी केला नाही. सलग ५ वर्षे दावा न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी भरावयाच्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते, ती गमवायची नव्हती. त्यात गैर काहीच नव्हते. मात्र त्यामुळे अपघाताची कोठेही नोंद उरली नाही.

पुढे ती गाडी देऊन नवी घ्यायचे ठरले. जी. ई. रोडवरील एका विक्रेत्याकडे गेलो. जुन्या गाडीचे मोल ठरविणारा तरुण भोवती फिरला, बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाला, "सर, कभी एक्सिडेंट हुआ है?" मी म्हणालो, "मामूली-सा." त्याने कागदावर खूण केली. किंमत ठरली २ लाख १० हजार.

गंमत अशी की त्याच दिवशी मी त्यांची चोरी पकडली. 'ताजी' म्हणून दाखविलेली नवी गाडी १० महिन्यांपूर्वी तयार झालेली होती. चासीवरील पट्टीवर महिना आणि वर्ष स्पष्ट होते. मी व्यवस्थापकाला गोव्याचा दाखला ऐकविला. २०११ साली तेथील एका ग्राहकाला २००९ सालची, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली गाडी नवी म्हणून देण्यात आली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात उत्पादक टाटा मोटर्स जबाबदारीतून मुक्त झाली, कारण विक्रेता हा तिचा नोकर वा मुखत्यार नव्हे, तो स्वतंत्र व्यापारी आहे. "म्हणजे जे सांगाल आणि जे लपवाल, त्याला तुम्हीच जबाबदार," मी सुनावले. व्यवस्थापकाने माफी मागितली आणि दुसरी गाडी देऊ केली. विजयी मुद्रेने घरी आलो.

जेवताना पत्नी एवढेच म्हणाली, "त्यांनी लपवलेलं तुम्ही शोधलंत. आपण लपवलेलं कोण शोधणार?"

त्या रात्री १८७२ चा करार कायदा काढून बसलो. त्याच्या कलम १७ खाली एका घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा अधू आहे हे ठाऊक असून मालक लिलावात तो विकतो आणि काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी व्यक्ती मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग त्या नात्यामुळेच खरे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा आधीच म्हणाला, 'तुम्ही नाकारले नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन,' तर मौन हेच बोलणे ठरते. मला तर सरळ प्रश्न विचारला गेला होता, आणि मी मौनही राखले नव्हते. 'मामूली-सा' हे उत्तर दिले होते.

अर्थशास्त्र शिकताना जॉर्ज अॅकरलॉफ यांचा १९७० चा, जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध वाचला होता. दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले तेव्हा सहकाऱ्यांना हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितल्याचे आठवते. त्या निबंधातला 'विकणारा' म्हणजे कोणीतरी दुसरा, अशीच माझी समजूत होती.

आमच्या सेवेच्या आचरण नियमांनुसार, २ महिन्यांच्या मूळ वेतनाहून मोठा असा व्यवहार महिन्याभरात कार्यालयाला कळवावा लागतो. कोणाशी व्यवहार केला, केवढ्याला केला, हे त्यात लिहायचे. वस्तूत खोट काय होती, हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन सारे सांगितले. किंमत ४० हजारांनी उतरली. व्यवस्थापक चकित होऊन म्हणाला, "साहब, हमें तो आगे बेचनी है. आप क्यों बता रहे हैं?" पुढच्या गिऱ्हाइकाला हे लेखी द्या, असा आग्रह मी धरला. "देखेंगे," तो म्हणाला. कारागिराचे बिल मी गाडीच्या सर्व्हिस बुकात ठेवले, त्यावर अपघाताची तारीख लिहिली आणि मन हलके करून परतलो.

काही आठवड्यांनी त्याच रस्त्याने जात होतो. धुऊनपुसून चकचकीत केलेली माझी जुनी गाडी आवारात उभी होती. एक तरुण जोडपे ती पाहत होते. बाईच्या कडेवर मूल होते. मी वेग कमी केला. सर्व्हिस बुकातील ते बिल अजून जागेवर असेल का, असा विचार मनात आला. आपण आपल्यापुरते सांगितले आहे, आता जबाबदारी विक्रेत्याची, हाही विचार आला; गोव्याच्या निकालाचा मीच दिलेला दाखला होता तो. मागच्या ट्रकने भोंगा वाजविला आणि मी पुढे निघालो. पुढच्या आठवड्यात गाडी तेथे नव्हती.

कायद्याने माझ्यावर कसलाही ठपका येत नाही. परंतु त्या घोड्याच्या उदाहरणांतील मुलगी अधूनमधून आठवते. आवारात ती उभी असती, तर मागच्या भोंग्याकडे लक्ष न देता मी गाडी थांबविली असती.