निवाड्याआधीची साक्ष

कादंबरी वाचणे हे एकांताचे व्यसन असले, तरी वाचून मिटलेल्या कादंबरीविषयी चारचौघांत बोलणे ही एक स्वतंत्र कला आहे; आणि १८२८ पासून नगर वाचनालय नांदत असलेल्या या रत्नागिरीतही ती वाचनाइतकी सहजसाध्य झाली आहे, असे आमच्या लहानशा वाचकमंडळाचे सूत्रचालन करताना मला कधी वाटले नाही. निम्मे सभासद पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला असल्यामुळे आमची बैठक फोनच्या पडद्यावर भरते. परंतु बोलणारा कोठेही बसलेला असो, त्याची पहिली प्रवृत्ती निवाडा देण्याचीच असते. ‘पात्रे ठसठशीत आहेत’, ‘शेवट पटत नाही’, असा हुकूम एकदा सुटला की दप्तर बंद होते.

म्हणून मी एक शिरस्ता घातला: ज्याने त्याने आपला अभिप्राय इतरांचे ऐकण्यापूर्वी लिहून काढावा, आणि बैठकीत वाचताना आपण कोणत्या पानावर थबकलो, कोठे पुस्तक उपडे ठेवून उठलो, ते आधी सांगावे, मत मागाहून.

त्याची कसोटी लागली ती श्री. ना. पेंडशांच्या ‘रथचक्र’च्या वेळी. १९६२ साली निघालेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचा कर्ता दापोलीकडच्या मुर्डीचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला; आणि नवरा परागंदा झालेली, एकत्र कुटुंबाचा जाच सोसून अखेर मुलांच्या शिक्षणासाठी घराबाहेर पडणारी त्याची नायिका नावावाचून केवळ ‘ती’ म्हणून वावरते. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांनी तिच्यावर हटवादीपणाचा आरोप सप्रमाण ठेवला, तेव्हा तोवर गप्प असलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, “भाऊ, तुमचं म्हणणं खरं असेल, पण घर सोडायचं ती मनाशी ठरवते ना, तिथं मी पुस्तक मिटलं नि मागीलदारी जाऊन बसले. आमच्या आईनं आम्हाला शाळेसाठी राजापुरास आणलं, तेव्हा तीही अशीच कोणाशी बोलेनाशी झाली होती.”

अशा वेळी बैठक आठवणींत वाहून जाण्याचा धोका असतो, आणि आठवण मोडू न देता तिला पुस्तकाकडे वळवणे हेच सूत्रचालकाचे खरे काम. मी एवढेच विचारले, “पान कोणतं?” भाऊंनी आरोप मागे घेतला नाही, मात्र मिळकतीत जन्मतः हिस्सा असलेल्या मुलांना घेऊन ही बाई रिकाम्या हाताने निघते कशी, वाटणी का मागत नाही, असे त्यांच्या खात्याला शोभणारे प्रश्न ते स्वतःच उपस्थित करू लागले, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी सारेजण मागची प्रकरणे चाळू लागले.

मताला हरकत घेता येते, आणि हरकतीपाठोपाठ तंटा येतो. परंतु अमुक पानावर माझा हात थांबला, ही साक्ष कोणाला खोडून काढता येत नाही. तिच्यात भर तेवढी घालता येते, आणि तीही पुस्तक पुन्हा उघडल्यावाचून नाही.