हाताला धरून

बँकेच्या खिडकीवर त्या दिवशी माझी सही तिसऱ्यांदा जुळली नाही. आतल्या मुलाने नमुना सहीचं कार्ड माझ्याकडे फिरवून दाखवलं आणि अगदी चांगुलपणाने म्हणाला, "बाई, अंगठाच घेऊन टाकू का?" त्याने निळ्या शाईचा पॅड पुढे सरकवला. मागे रांगेत माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया उभ्या होत्या. बावीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या आणि शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणाऱ्या बाईने त्या दिवशी अंगठा उठवला. पैसे न मोजताच मी बाहेर पडले. बोटाची शाई संध्याकाळपर्यंत घासत होते.

माझे वडील तलाठी. सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं हाताने लिहायचा तो काळ. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग असे, आणि पेन टेकून टेकून पडलेला घट्टा. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेच्या समासाने केली आहे, हे ते आम्हा भावंडांना वर्षातून दोनदा तरी ऐकवत. आपल्या भाषेत चांगल्या अक्षराला वळणदार म्हणतात. मुलाला लावतात तेही वळणच. अक्षर आणि वागणूक यांना एकच शब्द असलेल्या घरात मी वाढले. त्यामुळे हात बिघडला तेव्हा माझ्यातच काहीतरी बिघडलं आहे असं वाटायला मला कोणाच्या सांगण्याची गरज पडली नाही.

सुरुवात २०११ च्या दिवाळीआधी झाली. निकालपत्रकांवर शेरे लिहीत होते. 'प्रगती समाधानकारक' हे दोन शब्द हजारदा लिहिलेले. त्या दिवशी 'प्र'पाशीच तर्जनी ताठ होऊन पेनावरून उठली, अंगठा आत दाबला गेला आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला वळायला लागलं. मी पेन घट्ट धरलं. जितकं घट्ट धरलं, तितका हात अधिक वळला. शेवटी कागद फाटला. दमले असेन म्हणून झोपले. सकाळी तेच. महिन्याने तेच.

चमत्कारिक गोष्ट ही की बाकी सगळं जमत होतं. भाकरी थापता येत होती. सुईत दोरा ओवता येत होता. चिमटीतून रांगोळीची रेघ पूर्वीसारखीच बारीक सुटत होती. फळ्यावरही लिहिता यायचं, कारण तिथे खांद्यापासून अख्खा हात फिरतो. फक्त कागद आणि पेन समोर आलं की हात परका व्हायचा. अशा आजारावर कोण विश्वास ठेवणार? दहावीचे पेपर तपासायला नकोत, निवडणुकीच्या याद्या लिहायला नकोत म्हणून बाईंचं हे चाललंय, असं शिक्षकखोलीत बोललं गेलं. मला त्यांचा रागही येईना. दिवसभर ठीक असलेला हात लिहितानाच कसा बिघडतो, हे मलाच कळत नव्हतं.

पुढची तीन वर्षं तपासण्यांत गेली. मानेच्या मणक्याचा एक्स-रे झाला, गळ्यात पट्टा आला. मनगटातली नस दबली असेल म्हणून नसांची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. तेलाचं मालिश झालं. एका डॉक्टरांनी सगळे अहवाल चाळून विचारलं, "घरी काही ताण आहे का?" त्या प्रश्नात वाईट काही नव्हतं. पण अहवाल स्वच्छ येत गेले तसा माझा धीर खचत गेला. काहीतरी सापडावं, असं मनापासून वाटणारी रुग्ण मी झाले होते.

२०१४ मध्ये पुण्याच्या एका न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फायलींची पिशवी बाजूला ठेवली आणि कोरा कागद दिला. "लिहा, काहीही." मी लिहायला लागले आणि ते फक्त हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता पेन डाव्या हातात घ्या." मी डाव्या हाताने कसाबसा 'श्री' काढत होते. टेबलावर मोकळा ठेवलेला माझा उजवा हात तेवढ्यात आपोआप वळायला लागला. तर्जनी उठली, अंगठा आत गेला. "बघा," ते म्हणाले, "या हातात तर पेनही नाही." आमचे हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या त्या हाताकडे असं पाहिलं की जणू तीन वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवशी मला नाव मिळालं. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे हाताचा डिस्टोनिया. एक स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या उलट ओढणारा स्नायू सैल पडावा लागतो. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिया नावाच्या पेशीपुंजांच्या जाळ्यात, हा हिशेब आपल्या नकळत होत असतो. डिस्टोनियात तो चुकतो. दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ओढायला लागतात, आणि मान, पापण्या, आवाज, पाय, हात, जिथे चूक होते तो अवयव पिळवटतो. माझ्यासारख्यांच्या बाबतीत ही चूक एकाच कामापुरती असते. म्हणून भाकरी जमते आणि शेरा जमत नाही. रक्तात, एमआरआयमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. जाणत्या डोळ्यांना मात्र दिसतं.

मग मी वाचायला लागले, आणि वाचताना एकटेपणा उतरत गेला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. त्यात त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकीकत येते. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात गेला, त्याने डाव्याने लिहायला शिकून घेतलं, आणि पुढे डावाही गेला. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला मी माझ्या वडिलांच्या शेजारी, दप्तर उघडून बसलेला पाहिला. 'डिस्टोनिया' हा शब्द बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये दिला. तरी त्यानंतरची कित्येक दशकं हे आजार मनाचे मानले गेले. १९८२ मध्ये शीही आणि मार्सडेन या लंडनच्या डॉक्टरांनी लिहिताना हात आखडणाऱ्या रुग्णांचा अभ्यास मांडला. ही माणसं इतरांपेक्षा मनाने अधिक आजारी नसतात, आणि हा डिस्टोनियाच आहे, असं त्यात होतं. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि खूप रडले. मी शाळेत शिकत होते तेव्हाच हे कुठेतरी छापलं गेलं होतं.

अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला माकडांवरचा एक प्रयोगही मनात राहिला. नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी माकडांना एकच पकड पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने करायला लावली. मेंदूत प्रत्येक बोटाचा स्वतंत्र नकाशा असतो. त्या नकाशातल्या बोटांबोटांमधल्या सीमा पुसट होत गेल्या. प्रत्येकाच्या आजाराचं कारण एवढंच असतं असं नाही, कोणाच्या बाबतीत जनुकही असतं. पण मला त्यातून एक कळलं. माझा हात हट्टी नव्हता. त्याला आपली बोटंच नीट वेगळी कळत नव्हती. आणि मी त्याला आणखी जोर लावायला सांगत होते. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं १९६०च्या दशकात अशीच आत वळायला लागली. पुढची कितीतरी वर्षं ते डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले. इंजेक्शनं आणि मालिश यांच्या आधाराने ते दोन्ही हातांच्या वादनाकडे परतले, २००४ मध्ये त्यांचा 'टू हँड्स' हा अल्बम आला. तरीही आजार गेला नव्हता. ते त्याच्यासोबतच वाजवत होते.

ही इंजेक्शनं बोटुलिनम विषाची. अन्नातून प्राणघातक विषबाधा करणाऱ्या जिवाणूचंच हे विष. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते अगदी सूक्ष्म मात्रेत वापरायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते काही काळ अडवतं. आधी मला ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी तोंडाला कोरड पडायची आणि वर्गात मुलांची नावं आठवेनाशी झाली, म्हणून त्या थांबवल्या. इंजेक्शन कोपराखालच्या नेमक्या स्नायूत द्यावं लागतं, त्यासाठी सुईतूनच स्नायूचा विद्युत आवाज ऐकतात. पहिल्या वेळी तर्जनी इतकी सैल पडली की महिनाभर साडीला पिन लावता आली नाही. तिसऱ्या वेळेपासून मात्रा जमली. आठवड्याभराने गुण येतो, तीन महिन्यांच्या आसपास उतरतो, आणि पुन्हा स्वारगेटची एसटी धरायची. दर खेपेचा खर्च हजारांत जातो. हा इलाज आहे, बरं होणं नव्हे, हे ज्यांना सुरू करायचंय त्यांना मी आधीच सांगते. अपेक्षा खरी असली की सुईही सोसते.

सुईइतकंच मला दवाखान्याबाहेरच्या बाकड्याने दिलं. तिथे सोलापूरकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांची मान डावीकडे ओढली जायची. हनुवटीला एक बोट नुसतं टेकवलं की मान सरळ. जोर लावून धरलं तर सरळ होत नसे, पण बोट टेकवलं की होई. या स्पर्शाला वैद्यकात नाव आहे, आणि कित्येक डिस्टोनियात तो गुण देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या डॉक्टरांनी याच गोष्टीवरून उलट निष्कर्ष काढला होता. एवढ्याशा स्पर्शाने थांबतं, म्हणजे आजार मनाचाच, असं त्यांना वाटलं. बाकड्यावर एक बाई होत्या, त्यांच्या पापण्या भर रस्त्यात मिटायच्या आणि उघडायच्या नाहीत. एक तबलजी होता, त्याची अनामिका तबल्यावर पडायच्या आधीच आत ओढली जायची. कोणी कोणाला "इच्छाशक्ती वाढवा" म्हणालं नाही. कुठली उशी डोक्याखाली घ्यावी, कुठल्या पेनाला स्पंज गुंडाळावा, घरच्यांना काय सांगावं, हे बोलणं चालायचं. माझं जाड पेन मला तिथेच सापडलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत पेन धरायचं, अंगठ्याने दाबायचं नाही, ही पकडही तिथलीच. डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटावर टेकवून पाहा, असं त्या सोलापूरच्या गृहस्थांनी सुचवलं. मी टेकवलं. मनगट वळणं पुरतं थांबलं नाही, पण एक ओळ होण्याइतकं निवळलं.

घरी आल्यावर मी मुख्याध्यापकांना सांगितलं, की शेरे मी बोलेन, लिहील दुसरं कोणी. ते वाक्य उच्चारायला मला तीन वर्षं आणि एक निदान लागलं. ह्यांनी त्या वर्षीची निकालपत्रकं लिहिली. डॉक्टरांचं पत्र घेऊन बँकेत गेले आणि छोटी, दोनच अक्षरांची नवी सही नोंदवून आले.

कायद्याची ओळख त्यानंतर झाली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावं आहेत, डिस्टोनियाचं वेगळं नाव नाही. पण ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल मी कापून फाइलला लावला आहे. डॉक्टर झालेल्या एका तरुणाला माझाच आजार, रायटर्स क्रॅम्प. २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेला त्याला लेखनिक नाकारला गेला, कारण चाळीस टक्के अपंगत्वाच्या व्याख्येत तो बसत नव्हता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यानुसार सूचनाही काढल्या. लिहिण्याची अडचण आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने एका आखडणाऱ्या हाताच्या निमित्ताने मान्य केलं.

तो निकाल वाचताना मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. पेन इतकं दाबून लिहायचा की मागच्या चार पानांवर अक्षरं उमटायची. त्याला काय होतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी त्याला शुद्धलेखनाची दहा-दहा पानं लिहायला लावली, आणि त्याचा हात एकदाही जवळ घेऊन पाहिला नाही. ही चूक माझी आहे. आता मुलाचं अक्षर बिघडलेलं दिसलं की मी आधी त्याच्या शेजारी बसते आणि हात बघते. कोणाला काही होत असेल तर पालकांना सांगते, "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लिहितानाचा व्हिडिओ काढून न्या." वेळ वाया जाऊ नये, एवढंच मला द्यायचं आहे.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आई माझा हात तिच्या हातात धरून पाटीवर सरस्वती काढून घ्यायची, एकाचे आकडे जोडून काढतात ती. पाटीपूजनाची ती पाटी आजही आमच्या घरात आहे. हात वळायला लागल्यापासून मी ती काढणं सोडून दिलं होतं. पाटी लहान, पेन्सिल बारीक, अगदी लिहिण्यासारखंच काम. गेल्या दसऱ्याला सात वर्षांची नात पाटी घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू काढ." मी पेन्सिल धरली. दुसऱ्या रेघेला तर्जनी उठली. तिला वाटलं, आजीला येत नाही. तिने तिचा हात माझ्या मनगटावर ठेवला, तिला मी जशी धरून गिरवायला लावते तसा. त्या हाताला वजन असं नव्हतंच. मी पकड सैल केली. रेघ थरथरली, थोडी वाकडी गेली, आणि पुढे सरकली. सरस्वती पुरी व्हायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिने हात काढला नाही.