आमचे दादा आणि चंद्री

आमच्या वडिलांना सगळी वस्ती दादा म्हणे, म्हणून आम्हीही दादाच म्हणत आलो. मनमाड स्टेशनबाहेर त्यांनी तीस वर्षे टांगा हाकला. 2011 साली ते गेले. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण घोड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द स्टँडवर शेवटचा असे.

सुरुवातीची दहा वर्षे टांगा भाड्याचा होता. 1978 साली उसनेपासने करून त्यांनी तांबड्या रंगाची घोडी घेतली. तिचे नाव चंद्री. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी घरात उशिरा आलो, आणि लहानपणी मला वाटायचे की दादांच्या लेखी माझा नंबर तिच्यानंतरचा आहे. पहाटे चारला उठून आधी लीद काढायची, मग खरारा, मग एकेक पाय उचलून खुरातले खडे काढायचे. भिजवलेला हरभरा ते बोटांनी निवडत. घोड्याला उलटी होत नाही. खराब दाणा पोटात गेला तर वर येत नाही, शूळ उठतो आणि जनावर जागीच तडफडते, असे ते सांगत. हे सगळे उरकल्यावर स्वतःचा चहा.

भांडण व्हायचे ते पाण्यावरून. मनमाडची टंचाई वाचकांना ठाऊक आहेच. त्या काळी कधी कधी पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नसे, आणि घोडीला तर दिवसाला दोन-तीन बादल्या लागतात, उन्हाळ्यात जास्तच. आई म्हणे, "पोरांच्या आंघोळीला तांब्याभर नाही, आन् घोडीला बादल्या?" दादा म्हणत, "तीच आपल्याला पोसती. तिच्या पाण्याचा हिशोब धरू नको." मग रात्री टांग्यात डबे घालून गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणत. अर्थात आईचेही काही खोटे नव्हते. चार पोरांचे कपडे तिलाच धुवायचे असत.

दादांची एक सवय उतारूंना फार खटके. कुठलाही पूल आला, अगदी ओढ्यावरची मोरी आली, तरी ते लगाम आखूड धरून चंद्रीला सावकाश चालवत. "अहो, गाडी चुकंल!" असा ओरडा होई. दादा ऐकत नसत. मला वाटे, हा भित्रेपणा आहे.

एकदा विहारात एका गुरुजींनी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणातील चाळीसगावचा प्रसंग सांगितला. 1929 साली सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवरून त्यांना महारवाड्यात न्यायचे, तर एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकायला मालक बसेना. आपल्याच माणसांपैकी एकजण लगाम धरून बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत गेला.

घरी येताना मी दादांना विचारले, "म्हणून तुम्ही पुलावर हळू हाकता?" ते म्हणाले, "टांगा मी पोटासाठी धरला, त्यात खोटं कशाला बोलू? पण हे मी लहानपणी आमच्या म्हाताऱ्याकडून ऐकलं होतं. त्या हाकणाऱ्याचा काय दोष? ज्याला हाकता येत होतं, त्यानं लगाम धरला नाही." दादांनी कधी कुणाला 'बसू नको' म्हटले नाही. झाडूवाले, अंगावर जखमा असलेले भिकारी, ज्यांना दुसरे टांगेवाले टाळत, ते दादांच्या टांग्याची वाट बघत. वस्तीतल्या सहा-सात पोरांना त्यांनी टांगा हाकायला शिकवले, आणि पहिला धडा पुलाचाच असे.

एवढे कळूनही कॉलेजात गेल्यावर मला टांग्याची लाज वाटू लागली. फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे मी 'वाहतूक' असे लिहिले. दादा म्हणत, "चल, सोडतो." मी म्हणे, "नको, चालत जातो." त्यांनी कारण कधी विचारले नाही.

तोवर रिक्षा वाढल्या होत्या. चंद्री वीस वर्षे ओलांडून थकली होती. 1998 साली एक व्यापारी तिला मागायला आला. म्हातारी घोडी कशासाठी नेतात हे दादा जाणून होते, त्यांनी त्याला दारातूनच परत लावले. नेमकी त्याच आठवड्यात माझी बी.कॉम.ची फी भरायची होती. मी ओरडलो, "ती बसून खाते, आणि माझ्या फीला पैसे नाहीत!" दादा काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी पैसे माझ्या हातात ठेवले. रात्री गोदामावर पोती उचलून ते मिळवले होते, हे मला पुढे आईकडून कळले. तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. मी त्यांची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

1999 च्या पावसाळ्यात चंद्री गेली. दादांनी स्वतः खड्डा खणला. त्यानंतर ते रखवालदारीला लागले, तरी पहाटे चारला उठणे सुटले नाही.

त्यांचा खरारा परवा पत्र्याच्या पेटीत सापडला. मी भंगारात टाकू का, असे आईला विचारले. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि पदराने पुसून पुन्हा पेटीत ठेवला.