तिसरं शरण

दीक्षाभूमी आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा त्या मैदानावर होते. बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांनी २२ प्रतिज्ञा म्हटल्या. दारू पिणार नाही, ही त्यांतलीच एक. आजोबांनी ती मरेपर्यंत पाळली. त्यांचा नातू असलेला मी दर अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून स्तूपापुढे पंचशील म्हणायचो. पाचव्या शीलापाशी आवाज खाली जायचा, आणि रात्री पव्वा उघडला जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

माझा निश्चय कच्चा आहे, अशीच माझी समजूत होती. म्हणून निश्चय पक्का करत राहिलो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बदली मागून वर्ध्याला गेलो, कारण तो दारूबंदीचा जिल्हा. तिथे ती कुठे मिळते हे आठवडाभरात कळलं. शेवटी एका विजयादशमीला खरोखरच सोडली, एका दिवसात, कुणालाही न विचारता. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या. हात थरथरत होते, अंथरूण घामाने भिजलं होतं. मग झटका आला. शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाईन होतं. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याने अशी अचानक सोडली तर जीवही जाऊ शकतो. हे औषधाखालीच करायचं असतं. निश्चयाची गोष्ट म्हणून ज्याच्याशी मी भांडत होतो, तो आजार होता. घरी सोडताना त्यांनी आणखी एक सांगितलं : थरथर गोळ्यांनी थांबेल, पुढचं एकट्याने जमणार नाही, ए.ए.च्या मीटिंगला जा.

मी गेलो नाही. एक कारण लाजेचं होतं. आमच्या वस्तीत एखादा शिकून नोकरीला लागतो तेव्हा सगळी वस्ती त्याच्याकडे पाहत असते. मी दारुडा, हे चारचौघांत उभं राहून कसं म्हणायचं? दुसरं कारण मी अभिमानाने सांगायचो. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, बारा पायऱ्यांत ईश्वर येतो. बावीस प्रतिज्ञांच्या घरातला मी ईश्वराच्या हवाली होऊ? आज कबूल करतो, त्यात तत्त्व नव्हतं. एक प्रतिज्ञा रोज मोडणारा मी दुसरीची ढाल करत होतो.

दारू पुन्हा सुरू झाली. पाच महिन्यांनी बायको मुलीला घेऊन माहेरी, कामठीला गेली. त्या आठवड्यात मी मीटिंगला गेलो.

शाळेचा एक वर्ग, मुलांचे बुटके बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. पंधराएक माणसं, त्यांत दोन बाया. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा हवी, बस. आणि आडनाव कुणी विचारलं नाही. इथे प्रत्येकाचं नाव झाकलेलं असतं ते बदनामी होऊ नये म्हणून, हे मला नंतर समजलं. पण जन्मभर ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा रोख ओळखत आलेल्या माणसाला त्या खोलीत काय वाटलं असेल, ते आमच्यापैकी कुणालाही सांगावं लागणार नाही.

आयुष्यभर कसं निभवायचं, असं मी ऑटो चालवणाऱ्या एका काकांना विचारलं. ते म्हणाले, “आयुष्याचं कोन इचारते भाऊ? आज निजेपर्यंत प्याची नाई, एवढंच पाय. उद्याचं उद्या.” मी ईश्वराचा मुद्दा काढला. काका म्हणाले, “मी बी नाई मानत. पन एकटा असलो की मी पेतो, या लोकायमंधी बसलो की नाई पेत. मंग मोठी ताकद कोनती झाली, तूच सांग.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरुवातही अशीच झाली होती. दारू सोडून काही महिने झालेला बिल नावाचा शेअर दलाल, धंद्यातलं काम फसलेलं, हॉटेलातला बार समोर. त्याने फोनवर फोन करून आपल्यासारखाच पिणारा दुसरा माणूस शोधला. तो एक सर्जन निघाला. पिणाऱ्याला पिणाराच लागला. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात ईश्वराबरोबर ‘आपल्याला उमजेल तसा’ हे शब्द आले, तेही देव न मानणाऱ्या सभासदांच्या आग्रहाने.

बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण, हे मी बोलता येऊ लागल्यापासून म्हणतो. संघ म्हणजे भिक्खूंचा संघ, हा अर्थ खराच आहे आणि तो मी बदलणारा कोण? पण माणसाला माणसांचा आधार घ्यावा लागतो, त्यात कमीपणा नाही, हे त्या बुटक्या बाकावर बसल्यावर माझ्या गळी उतरलं. तोवर तिसरं शरण माझ्या फक्त तोंडात होतं.

पहिल्या वर्षात दोनदा घसरलो. दोन्ही वेळा परत गेलो, कुणी हिशेब मागितला नाही. मीटिंगला येणारा प्रत्येक जण वाचला असंही नाही. एका मित्राला आम्ही पोचवून आलो. माझी शेवटची दारू चार वर्षांपूर्वीची. बायको आणि मुलगी घरी आहेत. बायको पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनच्या मीटिंगला जाते.

तुम्ही रोज पीत असाल, किंवा घरात कुणी पीत असेल, तर माझ्यासारखी एका रात्रीत सोडू नका, आधी डॉक्टरांकडे जा. आणि मग मीटिंगला जा. पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही, नुसतं बसलं तरी चालतं.