खोक्यातल्या फळ्यांची तक्तपोशी

बंगळुरूच्या पीण्यात, कारखान्यांच्या वस्तीत, नवं मशीन येतं ते लाकडी खोक्यात. मशीन शेडमध्ये जातं, खोकं दाराबाहेर फुटतं आणि संध्याकाळपर्यंत पाइनच्या फळ्या भंगाराच्या टेम्पोत पडतात. मी घरांची छतं करतो. जिप्समची पुष्कळ केली, अजूनही करतो. पण माझा जीव रमतो तो या फळ्यांत.

फळी हातात आली की आधी तिच्यावरचा शिक्का शोधायचा. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, शेजारी देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीची फळी कितीही सरळ, बिनगाठीची असो, मी ती घरात नेत नाही. बिनशिक्क्याचीही नाही. आणि एचटीवरही निर्धास्त राहता येत नाही: त्या उष्णतेनं आतले किडे मेले, उद्या येणाऱ्यांना अडवणारं त्यात काही नाही. म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचे हात द्यायचे, सावलीत वाळवायचं. मग लोहचुंबक फिरवायचा. एखादा मोडका खिळा आत राहिला तर रंध्याच्या मशीनचं पातं गेलंच.

बारा मिलिमीटर जाडीची पाइनची फळी चौरस मीटरला साधारण ६ किलो भरते. नेहमीचा साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड साडेआठ-नऊ. वजनाची अडचण नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती मला जालहळ्ळीच्या एका घरानं शिकवली.

घर सांगलीकडच्या कुटुंबाचं. आजींच्या खोलीचं छत मी ऐन एप्रिलमध्ये केलं. वाळून खडखडीत झालेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या, दोन्ही कडांना खिळे ठोकले. नख जाईल एवढी फट नव्हती. जुलैत आजींचा फोन आला, “मेस्त्री, छताला पोट सुटलंय हो!” जाऊन पाहिलं तर मधल्या सात-आठ फळ्या कमानीसारख्या खाली आलेल्या. पावसाळी हवेनं लाकूड आडवं फुगलं होतं आणि मी त्याला सरकायला जागाच ठेवली नव्हती. खाली आजींचा पलंग. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बेळगावात, शहापुरात, आजोबांच्या घराला तक्तपोशी होती. दुपारी खाली आडवं पडून मी ती तासन्‌तास पाहिलेली. दोन फळ्यांमध्ये फट, फटीवर पट्टी, आणि पट्टीचे खिळे एकाच बाजूच्या फळीत. दुसरी फळी पट्टीआड मोकळी. एवढी वर्षं डोळ्यांपुढे असलेली गोष्ट मला त्या रात्री कळली.

सगळं छत उतरवलं, खर्च माझा. फळ्यांच्या एका कडेला खाच, दुसरीला जीभ काढली. आता स्क्रू एकाच कडेला, दुसरी कड शेजारणीच्या खाचेत नुसती बसते, आत दोन मिलिमीटर मोकळीक ठेवून. भिंतीशी बोटभर जागा आणि वरून पट्टी. तेव्हापासून हीच रीत.

तुमकूर रस्त्यावर, पीण्याहून शहराकडे येताना, प्लायवुड उद्योगाची जुनी संशोधन संस्था आहे, १९६२ची. बांबूच्या विणलेल्या चटया रेझिनमध्ये बुडवून, वाळवून, गरम दाबाखाली एकजीव केलेल्या बोर्डावर तिथं मोठं काम झालं. तो बोर्डही मी छताला लावतो. त्याच्या आडव्या-उभ्या विणीवर खिडकीतला तिरपा उजेड पडला की छत सुपासारखं दिसतं, आणि सूप ज्यांनी हाताळलंय त्यांना ते लगेच आपलं वाटतं. स्वयंपाकघरात मात्र मी बांबूही लावत नाही, पाइनही नाही. तिथं जिप्समच. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली तर आधी ते पाणी सुटतं, आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. गिऱ्हाईक दिसण्यासाठी कितीही हट्ट करो, इथं मी ऐकत नाही.

आजींचं छत दुसऱ्यांदा चढवताना त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. एका फळीवर शिक्का होता, मी ती रंध्याला लावणार इतक्यात त्यांनी थांबवलं. “ती ओंबी राहू द्या, मेस्त्री. अगदी माझ्या उशीच्या वर येईल अशी लावा.”

ती फळी मी नुसती काचकागदानं घासली, ओंबी सोडून.