मासे येण्याआधीचे ३४ दिवस



मंदिरात तीन-चार जणींनी विचारलं, "तुमच्याकडे म्हणे मासे पाळलेत? आपल्यात चालतं का?" प्रश्न बरोबर आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत पहिलाच 'बंध'. म्हणून दुकानातून मासा विकत आणायला माझा नकार होता आणि आहे. पण खालच्या मजल्यावरच्या वहिनींची बदली झाली आणि त्यांचे दोन गोल्डफिश कुणी घेईना. नदीत सोडून द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटले. भांड्यात वाढलेला परका मासा नदीत सोडणं ही काही जीवदया नव्हे. तो स्वतः मरतो, नाहीतर तिथल्या माशांना रोग देतो.

वहिनींना निघायला दीड महिना होता, आणि तेवढा वेळ हवाच होता. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. नदीत तो विरून जातो. टाकीत साठतो आणि त्याच माशाचे कल्ले जाळतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं असेल तर मासा सोसतो, आणि पाणी बदलून ते काढता येतं. फिल्टरच्या स्पंजात ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. दुकानात मात्र टाकी आणि मासे एकाच दिवशी हातात देतात, वर "मेले तर बदलून देऊ" म्हणतात. पंचेंद्रिय जीव, आणि बदलून देणार!

मासे नसताना या जिवाणूंना खायला काय घालायचं? काही जण कोळंबीचा तुकडा कुजत टाकतात. आपल्याकडे ते शक्यच नाही. नवसागर चालतो, कल्हईवाले वापरतात तोच, फक्त प्रयोगशाळेसाठी मिळणारा शुद्ध घ्यायचा. १०० लिटर पाण्याला अर्धा-पाऊण ग्रॅम पुरतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचं. वर पातळ कापड बांधायला विसरू नका, चिलटं पडतात.

सासूबाई रोज म्हणायच्या, "पाणी आरशासारखं झालंय की, अजून कशाची वाट बघतेस?" दिसत नाही म्हणून पाण्यात काही नाही, असं आमच्या घरात त्यांनी म्हणावं! पाणी गाळायला मला त्यांनीच शिकवलं. मी नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकायची आणि हिरवा रंग त्यांना दाखवायची. अकराव्या दिवशी अमोनिया उतरू लागला. मग नायट्राइट चढलं, आणि नळी दोन आठवडे जांभळीच्या जांभळी. बहुतेक जण इथेच कंटाळतात. वहिनींचाही फोन आला, "आता घेऊन जा ना." मी नाही म्हटलं. तोवर त्यांच्या भांड्यातलं थोडं थोडं पाणी मीच रोज बदलून यायची.

३४व्या दिवशी, आदल्या संध्याकाळी घातलेल्या नवसागरातला अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं आणि दोघांना वर आणलं.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, म्हणजे जिवाणू जगतात. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर जिवाणी!" त्यांच्या माहेरी पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव खालून उपडी होणाऱ्या बादलीनं अलगद त्याच विहिरीत सोडत. ज्या पाण्यातले त्या पाण्यात. त्या दिवसापासून स्पंजाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.

खाद्याच्या पुड्या वाचून घ्या, बहुतेकांत माशांचीच भुकटी असते. आमचे दोघं सोललेले उकडलेले मटार, पालक आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या खातात. बंधाचा प्रश्न मात्र सुटलाय असं मला वाटत नाही. प्रतिक्रमणाला बसलं की तो अतिचार उच्चारताना काच दिसतेच. टाकीत तिसरा मासा येणार नाही, एवढं ठरलंय.